युरोस्टार, ब्रसेल्स ते लंडन आणि परत: भारतीय पासपोर्ट आणि नवऱ्यामुळे मिळालेलं रेसिडन्स कार्ड घेऊन

ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, नवरा किंवा बायको युरोपियन युनियनमधल्या कुठल्यातरी देशाची नागरिक आहे आणि त्या नात्यावर ज्यांना रेसिडन्स कार्ड मिळालंय, त्यांनी ब्रसेल्सहून लंडनला जायचं असेल तर सरळ युरोस्टार रेल्वेचं तिकीट काढावं, विमानाच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे. कारण वेग किंवा आराम हे नाही, म्हणजे ते दोन्ही आहेच, दोन तासात गाडी शहराच्या मधोमध नेऊन सोडते, पण खरं कारण म्हणजे सीमेची सगळी तपासणी गाडीत बसायच्या आधीच होऊन जाते. तुमच्या कागदात काही खोट असेल तर ती घराजवळच्या स्टेशनातच कळते, आणि एकदा सीटवर बसलात की पुढे कोणी काही विचारत नाही. आपल्यासारख्यांना, म्हणजे पासपोर्ट एका देशाचा, कार्ड दुसऱ्या देशाचं आणि नवरा तिसऱ्याच देशाचा, अशांना ही गोष्ट किती मोलाची आहे ते ज्यांनी विमानतळावर घाम पुसलाय त्यांनाच कळेल.

माझं सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नवरा इटालियन, आम्ही राहतो ब्रसेल्सला, माझ्याकडे बेल्जियमचं एफ कार्ड आहे, जे ईयू नागरिकाच्या कुटुंबातल्या माणसाला पाच वर्षांसाठी देतात. लंडनला माझी बहीण राहते त्यामुळे जाणं येणं असतंच.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कारण हाच प्रश्न मला सगळे विचारतात. हे कार्ड दाखवून यूकेमधे व्हिसाशिवाय जाता येतं का? नाही. आता नाही. पूर्वी यायचं, आणि त्यामुळेच हा गोंधळ अजून लोकांच्या डोक्यात आहे. युरोपियन युनियनचा 2004 चा मुक्त संचाराचा कायदा आहे, त्याचा क्रमांक 2004/38, त्याच्या कलम 10 खाली हे कार्ड मिळतं आणि कलम 5 म्हणतं की असं कार्ड असलेल्या नवऱ्याला-बायकोला दुसऱ्या सदस्य देशात शिरायला व्हिसा लागणार नाही. ब्रिटन तेव्हा युनियनमधे असूनसुद्धा हे बरीच वर्षं पूर्णपणे मानत नव्हतं, दर सहा महिन्यांनी वेगळं फॅमिली परमिट काढायला लावायचं. मग मॅकार्थी नावाचं एक कुटुंब कोर्टात गेलं, नवरा ब्रिटिश आणि आयरिश दोन्ही नागरिकत्वाचा, बायको कोलंबियाची, राहायला स्पेनमधे, आणि 18 डिसेंबर 2014 ला लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने निकाल दिला की स्पेनचं कार्ड असताना ब्रिटनला असं वेगळं परमिट मागता येणार नाही. त्यानंतर एप्रिल 2015 पासून ब्रिटनने नियम बदलला आणि मग काही वर्षं ही कार्डं घेऊन लोक निवांत लंडनला जाऊन येत होते. ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि ही सवलतही गेली. त्यामुळे कोणी काका-मावशी सांगत असतील की आम्ही तर नुसत्या कार्डावर गेलो होतो, तर ते खरंच सांगतायत, फक्त ते त्या काळातलं आहे.

म्हणजे आता जाताना यूकेचा व्हिजिटर व्हिसा हवाच. भारतीय पासपोर्टला ती नवी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी चालत नाही, ती फक्त ज्या देशांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. गंमत अशी की नवऱ्याला मात्र ती लागते, 2 एप्रिल 2025 पासून युरोपियन नागरिकांनाही ईटीए घ्यावी लागते, आमच्या वेळी 16 पौंड होती, आणि दुसरं म्हणजे त्याचं इटालियन ओळखपत्र चालत नाही, ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनला पासपोर्टच लागतो. युरोपात आयुष्यभर खिशात फक्त ओळखपत्र ठेवून फिरलेल्या माणसाला हे आठवण करून द्यावं लागतं, तेव्हा निघताना त्याचा पासपोर्ट तुम्हीच बॅगेत टाका. माझ्या व्हिसाची सहा महिन्यांची फी मी भरली तेव्हा 127 पौंड होती. अर्ज ऑनलाइन, मग बोटांचे ठसे द्यायला सेंटरला जायचं, साधारण तीन आठवडे धरून चाला. सारखं जाणं असेल तर दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मागता येतो, एकावेळी राहायची मर्यादा सहा महिनेच असते पण दरवेळचा अर्ज वाचतो. ईयू नागरिकाची बायको म्हणून यात कसलीच सूट नाही, अर्जात नवऱ्याचं नागरिकत्व लिहिलं तरी फरक पडत नाही.

तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढावं की आधी, यावर माझं म्हणणं असं की युरोस्टारचं आधी काढलं तरी चालतं कारण तारीख बदलायला वेगळी फी नाही, भाड्यातला फरक तेवढा भरायचा. लवकर काढलं तर साधं स्टँडर्ड तिकीट पन्नासेक युरोपासून मिळतं, शेवटच्या आठवड्यात तेच कितीतरी पट होतं, विशेषतः शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार. तिकीटावर नाव टाकताना पासपोर्टवर आहे तसंच टाका. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं नाही, पासपोर्टवर माहेरचंच आहे, कार्डावरही तेच, आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं आहे याने आजवर एकदाही अडलेलं नाही.

आता ब्रसेल्स-मिडी स्टेशन. युरोस्टारचं लंडनचं टर्मिनल स्टेशनात वेगळं आहे, पॅरिस किंवा अ‍ॅम्स्टरडॅमची लाल गाडी पकडायला आपण जसे थेट फलाटावर जातो तसं इथे नाही. गाडी सुटायच्या सव्वा ते दीड तास आधी पोचा असं तिकीटावरच लिहिलेलं असतं आणि ते पाळा, कारण गेट गाडीच्या अर्धा तास आधी बंद होतं. आधी तिकीट स्कॅन करायचं गेट, तिथे मशीन फक्त तिकीट वाचतं, मग बॅगा स्कॅनरमधून. इथे पाण्याची बाटली काढायला लावत नाहीत, शंभर मिलीचा नियम नाही, लोणच्याची बरणी, तेल, शाम्पू सगळं चालतं, आणि सामानाला वजनाची मर्यादा नाही, दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली घेऊन जाता येतं, फक्त त्या स्वतः उचलता आल्या पाहिजेत. बहिणीकडे जाताना ही केवढी मोठी सोय आहे हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दोन काउंटर लागोपाठ. पहिला बेल्जियन पोलिसांचा, तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपियन देशांच्या गटातून, बाहेर पडताय म्हणून. इथे एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही: बाहेर पडतानाही पासपोर्टसोबत कार्ड पुढे करा. बऱ्याच जणांना वाटतं की बाहेरच तर चाललोय, कार्ड कशाला. पण भारतीय पासपोर्टमधे शेंगेनचा चालू व्हिसा नाही, आत आल्याचा शिक्का नाही, मग हा माणूस इथे इतके दिवस कशाच्या आधारावर राहत होता असा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच, आणि उत्तर त्या कार्डावर आहे. दोन्ही एकत्र दिलं की अर्ध्या मिनिटात होतं. नवऱ्यासोबत असाल तर ईयूच्या रांगेत उभे राहा. हा उपकार नाही, शेंगेनच्या सीमा नियमांतच आहे की मुक्त संचाराचा हक्क असलेल्या कुटुंबियांना त्या रांगेतून जाता येतं, त्यामुळे कोणी भुवया उंचावल्या तरी शांतपणे कार्ड दाखवायचं.

दहा पावलं पुढे ब्रिटिश बॉर्डर फोर्सचा काउंटर, आणि तुम्ही अजून ब्रसेल्समधेच आहात. हे मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार विलक्षण वाटलं आणि अजूनही वाटतं. बेल्जियमच्या स्टेशनात ब्रिटिश गणवेशातला माणूस बसून ठरवतो की तुम्हाला लंडनला जाता येईल की नाही. याचं मूळ इंग्लिश खाडीखालच्या रेल्वे बोगद्याच्या करारांमधे आहे, बोगदा 6 मे 1994 ला सुरू झाला, त्याआधी 1991 मधे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सांगात नावाच्या गावी करार केला, 2000 मधे त्याला पुरवणी जोडून स्टेशनांवरच एकमेकांचे अधिकारी बसवायचं ठरलं, बेल्जियमशी त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांना समुद्राखालून माणूस तिकडे पोचल्यावर परत पाठवायची कटकट नको होती, पण त्याचा फायदा आपल्याला होतो. ब्रिटिश अधिकारी साधे प्रश्न विचारतात, किती दिवस, कोणाकडे, परत कधी, काम काय करता. बहिणीचा पत्ता आणि परतीचं तिकीट फोनवर उघडून ठेवा. इथे नवऱ्याला ई-गेटने जाता येतं, तुम्हाला माणसाच्या काउंटरवर जावं लागतं, पण आम्ही दोघं एकत्रच काउंटरवर जातो, ते चालतं आणि प्रश्न निम्मे होतात. बेल्जियमचं कार्ड त्यांनी मागितलं नाही तरी हातात असू दे, तुम्ही परत जाणार याचा तो सगळ्यात चांगला पुरावा आहे, तिकडे तुमचं घर आहे हे त्या एका कार्डावर दिसतं.

गाडीबद्दल. लांबलचक गाडी, जवळजवळ नऊशे सीट, ताशी 300 किलोमीटर पळते, फक्त बोगद्यात 160 वर येते आणि तिथली वीसेक मिनिटं खिडकीबाहेर अंधार. कॅफे मधल्या डब्यात आहे, आठ आणि नऊ नंबरला, चहा ठीक, शाकाहारी खाण्याचे पर्याय मर्यादित, मी डबा घेऊन जाते. वायफाय चालतं पण त्यावर ऑफिसची मीटिंग घेऊ नका. प्लस या वरच्या वर्गात सीट मोठी आणि हलकं जेवण मिळतं, दोन तासांसाठी मला ते पैसे द्यावेसे वाटत नाहीत, सासूबाई सोबत होत्या तेव्हा मात्र काढलं आणि त्या खूश होत्या. लंडनला पोचल्यावर उतरायचं आणि चालू पडायचं, ना रांग ना काउंटर, घड्याळ एक तास मागे, सेंट पँक्रस या स्टेशनच्या खाली लगेच मेट्रो. बहीण स्टेशनबाहेर उभी असते आणि मी गाडी थांबल्यापासून दहा मिनिटांत तिच्यासमोर असते, विमानाने हे शक्यच नाही.

खरी परीक्षा परतीची, कारण आता तुम्ही शेंगेनमधे शिरताय. सेंट पँक्रसला शेंगेनची तपासणी फ्रेंच सीमा पोलीस करतात, गाडी ब्रसेल्सला जाणारी असली तरी. म्हणजे इंग्लंडच्या जमिनीवर फ्रेंच अधिकारी, हातात बेल्जियमचं कार्ड, पासपोर्ट भारताचा आणि कार्डाचं कारण एक इटालियन माणूस. कागदावर वाचलं की वाटतं आता काय होणार, आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही. त्या लोकांसमोर दिवसभर अशी कार्डं येत असतात. मी पासपोर्ट आणि कार्ड दिलं, अधिकाऱ्याने कार्ड उलटं करून खालच्या दोन-तीन ओळी मशीनखाली धरल्या, चेहऱ्याकडे पाहिलं, ब्रसेल्सला राहता का विचारलं, मी हो म्हटलं, त्याने दोन्ही परत दिलं. शिक्का नाही. शिक्का न मारणं हेही नियमात आहे, कलम 10 चं कार्ड दाखवणाऱ्या कुटुंबियांच्या पासपोर्टवर आत-बाहेरचे शिक्के मारायचे नाहीत. कोणी मारायला लागलंच तर नम्रपणे कार्डाकडे बोट दाखवा, कारण एकदा शिक्के पडले की पुढच्या सीमेवरचा माणूस पाहुण्यांची नव्वद दिवसांची मर्यादा मोजायला लागतो.

शिक्क्यांच्या जागी आता ईईएस आलंय, 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने, बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी यंत्रणा. सेंट पँक्रसला त्याची मशीन लावली आहेत आणि तिथे मदतीला उभे असलेले लोक पासपोर्टचा रंग बघून आपल्याला त्या मशीनकडे पाठवतात, त्यांचं ते कामच आहे. पण रेसिडन्स कार्ड असणारे या यंत्रणेत येतच नाहीत, ती थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. मी कार्ड वर धरून "रेसिडन्स कार्ड, बेल्जियम" एवढंच म्हटलं आणि त्या मुलीने लगेच दुसऱ्या रांगेकडे हात केला. तेव्हा कार्ड बॅगेच्या तळाशी नको, पासपोर्टच्या कव्हरमधेच ठेवा, रांगेत शिरायच्या आधी दिसलं पाहिजे. सेंट पँक्रसची इमारत 1868 ची, दिसायला फार देखणी, पण सुटण्याआधी बसायची जागा सुट्टीच्या दिवसात अपुरी पडते, लहान मूल किंवा वयस्कर कोणी सोबत असेल तर गर्दीच्या गाड्या टाळा.

आता याच्याशी तुलना म्हणून विमानाचं. एका स्वस्त विमान कंपनीने मी एकदा युनियनबाहेरच्या एका शहरातून परत येत होते, काउंटरवरच्या मुलाने पासपोर्टचं पान अन् पान उलटून शेंगेन व्हिसा शोधला, कार्ड दिलं तर म्हणाला हे ओळखपत्र आहे, व्हिसा कुठे आहे. मग त्याने वरिष्ठांना फोन लावला, कंप्युटरमधे काहीतरी बघितलं, परत फोन, मागची रांग चुळबुळ करायला लागली, बोर्डिंग बंद व्हायला थोडाच वेळ उरला तेव्हा कुठे पास मिळाला. मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला माणशी हजारो युरोंचा दंड होतो, त्यामुळे शंका आली की नको म्हणणं त्याला सोपं. पण जो माणूस सीमा अधिकारी नाही, ज्याने हे कार्ड कधीमधीच पाहिलंय, त्याच्या हातात माझ्या घरी जाण्याचा निर्णय असावा हे मला पटत नाही. यावरही लक्झेंबर्गच्या कोर्टाचा निकाल आहे, 18 जून 2020 चा, लंडनहून बुडापेस्टला गेलेल्या एका युक्रेनियन प्रवाशाच्या प्रकरणात, त्याच्याकडे ब्रिटनने दिलेलं कायम रहिवासाचं कार्ड होतं आणि हंगेरीच्या पोलिसांनी रायनएअरला दंड केला होता. कोर्टाने म्हटलं की असं कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, आणि कार्ड हातात असणं हाच तो माणूस कुटुंबातला असल्याचा पुरेसा पुरावा आहे, कंपनीने आणखी खोदत बसायचं नाही. विमानाने जाणाऱ्यांनी हा निकाल फोनमधे ठेवावा. रेल्वेत त्याची गरज पडत नाही, कारण तिकीटाच्या गेटवर तिकीट बघतात आणि कागद बघायला खरा अधिकारी असतो. माझ्या लेखी पूर्ण पाच स्टार याचेच.

कार्डावर नक्की काय छापलंय ते मात्र प्रत्येकाने आज घरी बघावं, कारण इथे खूप लोक फसतात. ऑगस्ट 2021 पासून सगळ्या देशांची कार्डं एकाच नमुन्याची आहेत आणि त्यावर कुटुंबातला सदस्य, ईयू, कलम 10, 2004/38 अशी ओळ असते, पाच वर्षांनंतर कायमचं मिळतं त्यावर कलम 20. ही ओळ असेल तर तुम्ही त्या कायद्याखाली आहात. पण बायको जर्मन आणि तुम्ही जर्मनीतच राहता, नवरा फ्रेंच आणि तुम्ही फ्रान्समधेच, तर तुमचं कार्ड त्या देशाच्या स्वतःच्या कायद्याखालचं असतं, त्यावर ही ओळ नसते, कारण तो युरोपियन कायदा ईयू नागरिक असलेला नवरा किंवा बायको स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तेव्हाच लागू होतो. शेंगेनमधे फिरायला दोन्ही कार्डं सारखीच चालतात, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, काळजी नाही. फरक पडतो शेंगेनबाहेर, उदाहरणार्थ आयर्लंडला, तिथे कलम 10 चं कार्ड आणि सोबत ईयू नागरिक असेल तर व्हिसा लागत नाही, दुसऱ्या कार्डाला लागतो. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा डच आणि ती राहते हॉलंडमधेच, तिला मी आयर्लंडला जाऊन आल्याचं ऐकून वाटलं की आपणही तिकीट काढावं, नशिबाने तिने आधी विचारलं. आणि ज्यांची कार्डं 2021 च्या आधीच्या जुन्या नमुन्याची आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवा की ती जास्तीत जास्त 3 ऑगस्ट 2026 पर्यंतच चालणार, कार्डावर पुढची तारीख असली तरी. प्रवास त्यानंतरचा असेल तर आधी नगरपालिकेत जाऊन नवीन करून घ्या.

लंडनमधे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे सगळं उलटं करून वाचू नये. तुमचा नवरा ब्रिटिश आहे आणि तुमच्याकडे यूकेचा ई-व्हिसा आहे, तर त्याने शेंगेनमधे शिरता येत नाही, शेंगेन व्हिसा हवाच, पूर्ण फी भरून, जुनी बीआरपी, म्हणजे यूकेची रहिवासी कार्डं तर 2024 अखेर संपलीसुद्धा. पण तुमचा नवरा किंवा बायको आयरिश, पोर्तुगीज, पोलिश, कुठलीही ईयू नागरिक असेल आणि तुम्ही तिच्या स्वतःच्या देशात न जाता दुसऱ्या सदस्य देशात सोबत जात असाल, तर तो शेंगेन व्हिसा फुकट आणि लवकर द्यायचा असतो. माझ्या बहिणीच्या शेजारणीचा नवरा पोर्तुगीज, ती वर्षानुवर्षं पूर्ण फी भरून एजंटकडून व्हिसा काढत होती. तिला हे सांगितल्यावर ती आधी विश्वासच ठेवेना. लग्नाचा दाखला, नवऱ्याचा पासपोर्ट, दोघं एकत्र प्रवास करतोय याचा पुरावा, एवढ्यावर काम होतं.

ब्रसेल्सहून आतल्या आत जाणाऱ्या गाड्यांचंही सांगून टाकते, कारण लोक तिकडे फारच सैल असतात. पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, कोलोन, इथे काउंटर नाही, सीमा आलेली कळतही नाही, म्हणून बरेच जण नुसतं कार्ड पाकिटात टाकून निघतात. कार्ड हे प्रवासाचं कागदपत्र नाही. दुसऱ्या देशात पाऊल टाकताना चालू पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ असणं हा नियम आहे. जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, हॉलंडनेही त्याच वर्षी 9 डिसेंबरपासून, आणि जर्मनीच्या सीमेवरच्या आखेनच्या आसपास पोलीस गाडीत चढून डब्यातून फिरताना मी पाहिलेत. दर वेळी येतात असं नाही, पण येतात तेव्हा आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसापाशी थांबण्याची शक्यता जास्त असते, हे कटू आहे पण खरं आहे. पासपोर्ट आणि कार्ड एकत्र पुढे केलं की बोलणं संपतं. नवऱ्याला त्याने वाईट वाटतं, माझं बघतात आणि त्याचं बघत नाहीत म्हणून, तो आता मुद्दाम स्वतःचंही काढून त्यांच्यापुढे धरतो.

लग्नाचा दाखला सोबत न्यावा का? कायद्याने गरज नाही, कार्ड हाच पुरावा. तरी मी एक प्रत फोनमधे ठेवते, बेल्जियमच्या नगरपालिकेचा अनेक भाषांमधला उतारा मिळतो तो, कारण दोन मिनिटं वाचत असतील तर हक्कावर वाद कशाला घाला. एकटीने प्रवास करत असाल तर बेल्जियमला परत येताना नवरा सोबत असायची गरज नाही, ते तुमचं राहायचं ठिकाण आहे, मी एकटी अनेकदा आलेय, कोणी नवरा कुठे विचारलं नाही.

परतीच्या बॅगेबद्दल एक, नाहीतर विसरेन. लंडनहून युनियनमधे मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पनीर, तूप बॅगेत नको, बहीण कितीही आग्रह करो. आणि एप्रिल 2025 पासून उलट दिशेनेही ब्रिटनने असंच बंद केलंय, बेल्जियन चीज भेट म्हणून नेऊ नका. मसाले, पापड, डाळी, लाडूंपैकी तुपाशिवायचे, चॉकलेट, हे चालतं.

ज्यांना अ‍ॅम्स्टरडॅमहून जायचंय त्यांच्यासाठी, तिथल्या स्टेशनात नवीन टर्मिनल झालं आणि फेब्रुवारी 2025 पासून लंडनची गाडी परत थेट झाली, मधले काही महिने सगळ्यांना ब्रसेल्सला उतरून तपासणी करून पुन्हा चढावं लागत होतं. प्रवास लांब आहे, चार तासांच्या आसपास, पण तपासणीची पद्धत हीच, डच पोलीस आणि ब्रिटिश अधिकारी शेजारी शेजारी. पॅरिसलाही तसंच, फक्त तिथल्या गार द्यू नॉर स्टेशनची गर्दी ब्रसेल्सपेक्षा कितीतरी जास्त, तिथे दीड तासाहून थोडं लवकरच पोचा. तिन्हीपैकी निवड असेल तर मी ब्रसेल्स म्हणेन, टर्मिनल छोटं आहे, रांग पटकन सरकते, आणि नवखं कोणी पहिल्यांदा हे कार्ड घेऊन निघालं असेल तर सकाळची दुसरी किंवा तिसरी गाडी धरावी, पहिल्या गाडीला ऑफिसवाल्यांची झुंबड असते.